नदी एक, गावं अनेक : फड बागायतीपासून पाणी वापर संस्थेपर्यंत

बंधारा बांधायला निधी मिळतो, मशीन मिळतं, ठेकेदारही मिळतो. पण बंधाऱ्यात अडलेलं पाणी कुणी, किती आणि कधी घ्यायचं हे ठरवून देणारं मशीन अजून निघालेलं नाही. ते गावालाच बसून ठरवावं लागतं. नदी एका गावापुरती नसल्याने एका गावाने ठरवूनही भागत नाही. वरच्या गावाने पंप लावला की खालच्या गावाचा डोह आटतो, आणि मधल्या गावाने वाळू उपसली की दोघांच्याही विहिरींचं पाणी खाली जातं.

खान्देशाला हा प्रश्न नवा नाही. पांझरा काठच्या लोकांनी त्यावर तीन-चारशे वर्षांपूर्वी उत्तर शोधलं होतं. त्या व्यवस्थेला 'फड बागायत' म्हणतात. ती कशी चालायची, का मोडत गेली, पुढे राज्यात इतर ठिकाणी पाणी मिळून राखण्याचे कोणते प्रयोग झाले आणि आज कायद्याने गावाच्या हातात काय आहे, याची ही एकत्रित माहिती.

फड बागायत म्हणजे काय?

तापी खोऱ्यातल्या तीन नद्यांवर ही पद्धत रुजली. धुळे जिल्ह्यात पांझरा, आणि नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम. पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते आणि धुळे शहरातून पुढे जाऊन शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. मोसम आणि आरम पुढे गिरणेला मिळतात.

पद्धत साधी आहे. नदीच्या पात्रात दगडी बंधारा. तो पाणी साठवण्यापेक्षा वळवण्यासाठी असतो. बंधाऱ्यातून एका काठाने पाट निघतो, त्याची लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून प्रत्येकाच्या शेतात सऱ्या. जास्तीचं पाणी परत नदीत जावं म्हणून सांडवे. पंप नाही, इंजिन नाही. सगळं पाणी उताराने चालतं.

पाटाखालच्या बागायती जमिनीचे साधारण चार भाग पाडलेले असतात. त्या एकेका भागाला फड म्हणतात. फड दहा हेक्टरचा असू शकतो, दोनशे हेक्टरचाही असू शकतो. एका फडात अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी, पण पीक एकच. या वर्षी एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, एखादा फड पडीक किंवा फक्त पावसावर. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. कुठल्या फडाला काय लावायचं हे एकट्या शेतकऱ्याने ठरवायचं नाही, सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

यात शेतीचं शहाणपणही आहे. पाळी बदलत राहिल्याने जमिनीला विसावा मिळतो, कस टिकतो. एकाच जागी वर्षानुवर्षं ऊस लावून जमीन चोपण किंवा पाणथळ होत नाही. एका फडात एकच पीक असल्याने सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं. त्यामुळे पाटाचं पाणी एका फडावरून दुसऱ्या फडावर सरकवता येतं आणि वाटेत कमी वाया जातं.

टंचाईचं वाटप

पाणी भरपूर असतं तेव्हा कुठलीही पद्धत चालते. फड पद्धतीचं खरं मोल कमी पावसाच्या वर्षी कळतं.

पाऊस कमी झाला की ओलिताखालचे फड कमी करायचे. ज्या फडाला पाणी द्यायचं तो संपूर्ण भिजवायचा, बाकीचे सोडून द्यायचे. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्या की कुणाचं सगळंच बुडत नाही आणि कुणाचं सगळंच पिकत नाही. मोठा आणि लहान, बंधाऱ्याजवळचा आणि शेपटाचा, असा भेद पाण्यापुरता बराच पुसला जातो. दुष्काळ सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हा या पद्धतीचा गाभा.

ही शिस्त राखायला माणसं नेमलेली असत. पाणी सोडणारा, चारी फोडणारा आणि बंद करणारा पाटकरी. पिकाची राखण करणारे जागले. शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही, पाणी पाटकऱ्यानेच द्यायचं. या माणसांचा मेहनताना शेतकरीच देत, तोही पूर्वी धान्याच्या रूपात. दरवर्षी पाटातला गाळ काढायचा, बंधाऱ्याची डागडुजी करायची, आणि त्यासाठी जमीनधारकांनी माणूस किंवा पैसा द्यायचा. सरकारी अनुदानाची वाट पाहत पाट गाळाने भरून ठेवला असता तर फडाचं हंगामी पाणीच गेलं असतं. त्यामुळे दुरुस्ती कुणाची, हा प्रश्न पडत नसे.

फड का मोडले?

काही ठिकाणी फड बागायत आजही तग धरून आहे, पण पहिल्यासारखी नाही. कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं, विहीर आणि वीजपंप. विहिरीवर मोटार बसली की शेतकऱ्याला पाटाची गरज उरत नाही. पाटाची गरज संपली की बैठकीला जायची आणि गाळ काढायची गरजही संपते. पण विहिरीत येणारं पाणी बऱ्याच अंशी नदीचं आणि पाटाच्या पाझराचंच असतं, हे विसरलं जातं.

दुसरं, पात्रातून थेट उपसा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंप बसले की बंधाऱ्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही. पाट जागेवर, फड जागेवर, पण तोंडाशी पाणी नाही.

तिसरं, वर झालेली धरणं. पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा आणि खाली निम्न पांझरा म्हणजे अक्कलपाडा प्रकल्प झाला. धरणामुळे साठा वाढला, पण नदीचं वाहणं आवर्तनावर आलं. नदी कधी वाहील हे आता पाऊस आणि गावकरी यांच्या हातात राहिलं नाही, ते पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर गेलं. आवर्तन सुटलं की वाटेत प्रत्येक जण आपला डोह भरून घ्यायला बघतो आणि शेवटच्या गावाला ओलावाच मिळतो.

चौथं, वाळू. नदीतली वाळू ही पाण्याची टाकी आहे. वाळूच्या कणांमधल्या फटीत पाणी साठतं, उन्हापासून वाचतं आणि हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं. वाळू उपसली की टाकीच गेली. पात्र खोल गेलं की पाटाचं तोंड पाण्याच्या वर राहतं आणि बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. पुढच्या पुरात बंधारा वाहून गेला की दोष पुराला दिला जातो.

पाचवं कारण नियमाचं. एकाने फडाचं पीक सोडून वेगळं पीक लावलं आणि त्याला कुणी अडवलं नाही, की दुसऱ्या वर्षी दहा जण लावतात. फड मोडायला महापूर लागत नाही, एक सवलत पुरते.

पाणलोट : नदीची सुरुवात डोंगरावर

नदी वाचवायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पात्राकडे जातं. गाळ काढा, रुंद करा, खोल करा. पण पात्रात येणारं पाणी पात्रात तयार होत नाही. पावसाचा थेंब ज्या डोंगरावर, बरडावर, शेतावर पडून एका ओढ्याकडे येतो, ते सगळं क्षेत्र म्हणजे त्या ओढ्याचं पाणलोट. गावाची शीव महसुलाने आखलेली असते, पाणलोटाची शीव उताराने. त्यामुळे एका गावात दोन पाणलोट असू शकतात आणि एका पाणलोटात पाच गावं.

काम 'माथा ते पायथा' करायचं ते याच कारणाने. माथ्यावर सलग समतल चर, गवत आणि झाडी. उतारावर दगडी बांध. शेतात बांधबंदिस्ती. ओघळीत अनगड दगडांचे छोटे बांध, त्याखाली माती नाला बांध आणि सगळ्यात शेवटी सिमेंट बंधारा. वरचं काम न करता खाली सिमेंट बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. प्रत्यक्षात उलटं होतं, कारण सिमेंटचं काम दिसतं, फलक लावता येतो आणि उद्घाटन करता येतं. चराचं उद्घाटन कुणी करत नाही.

१९९० च्या दशकात राज्यात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबवला गेला. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून आणि नाबार्डच्या सहभागाने तो उभा राहिला. गावाने आधी श्रमदान करून तयारी दाखवायची, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग काम, अशी त्याची रीत होती. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं नावाजलेलं गाव. आधी नियम, मग निधी, हा क्रम तिथे महत्त्वाचा ठरला.

बारीपाडा : माथा राखणारं गाव

माथा राखणं म्हणजे काय, याचं उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातलं बारीपाडा हे आदिवासी गाव. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने १९९० च्या दशकात जंगल राखायला सुरुवात केली. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल गावाने स्वतःच्या नियमांवर उभं केलं. झाड तोडलं तर दंड, राखणीची पाळी गावाची, लाकूड-फाटा किती आणि कुठून घ्यायचा हे ठरलेलं. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

जंगल वाढलं तसं पाणी वाढलं. आधी उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावात विहिरींना पाणी राहू लागलं आणि भातासोबत इतर पिकंही येऊ लागली. इथे मोठं धरण झालं नाही. उतारावरून पळणारं पाणी झाडांनी, गवताने आणि छोट्या बांधांनी धरलं. वरच्या गावाने माथा राखला तर फायदा त्याच्यापुरता राहत नाही, खाली जाणारा ओढा जास्त दिवस वाहतो. म्हणून वरच्या गावाच्या कष्टात खालच्या गावाने हात लावायला हवा, ही गोष्ट पाणलोटाच्या नियोजनात सहसा सुटून जाते.

शिरपूर : आधी जमिनीच्या पोटात काय आहे ते बघा

जिल्ह्यातलं दुसरं चर्चेतलं काम शिरपूर तालुक्यातलं. आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ च्या सुमारास तिथे नाले रुंद आणि खोल करून त्यांवर एकापाठोपाठ सिमेंट बंधारे बांधले गेले. हेच 'शिरपूर पॅटर्न' म्हणून गाजलं.

त्यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. तापी काठी गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. त्यात चिकण मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो थर कापून पाणी खालच्या वाळू-गोट्याच्या थरापर्यंत पोहोचवलं की तिथे मोठा साठा होतो. साक्रीच्या किंवा धुळे तालुक्याच्या कातळाच्या भागात जमिनीचं पोट वेगळं आहे. तिथे मुरूम आणि फुटलेला खडक काही फुटांपर्यंतच पाणी धरतो, खाली अखंड पाषाण. अशा ठिकाणी नाला खोल खणला तर पाणी मुरायच्या ऐवजी उघडं पडतं आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणीही नाल्यात ओढलं जाऊ शकतं. एका तालुक्यात चाललेलं काम दुसऱ्या तालुक्यात तसंच उचलून नेता येत नाही. काम सुरू करण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून खडकाची आणि पाणीपातळीची माहिती घ्यावी.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा?

पाणी अडलं, मुरलं. आता ते पुरणार किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजणी अवघड नाही.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. समजा एका गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर. एकूण पाणी झालं ५०० कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण यातलं बरंच उन्हाने उडतं, बरंच पिकं आणि गवत पितं, बरंच वाहून जातं. कातळाच्या भागात साधारण दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असं धरलं तर उरलं ५० कोटी लिटर.

आता खर्च. गावाची लोकसंख्या २,००० आणि माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर. जनावरांचं धरून आणखी काही कोटी. म्हणजे पिण्याचं पाणी हा खर्चाचा छोटा भाग आहे. मोठा खर्च शेताचा.

पाटाने दिलेल्या एका हेक्टर उसाला वर्षभरात साधारण २ कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे दोन हेक्टर ऊस हा दोन हजार लोकांच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याएवढा. पंचवीस हेक्टर ऊस झाला की गावाच्या मुरलेल्या पाण्याचा हिशेब संपला. त्याच्या उलट हरभऱ्याला हेक्टरी ३० लाख लिटरच्या आसपास पुरतं. एका हेक्टर उसाच्या पाण्यात सहा हेक्टरांहून जास्त हरभरा होतो. ठिबक केलं तर उसाचं पाणी कमी होतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर बचत शून्य.

हा हिशेब अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी मांडतं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यावर गावाने पाणलोटाची कामं केली, पण काम झाल्यावर गाव थांबलं नाही. सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, मोकाट चराई नाही, झाडतोड नाही, असे नियम केले. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि ग्रामसभेत हिशेब मांडून रब्बीला काय लावायचं ते ठरवायचं. आधी पिण्याचं पाणी राखायचं, मग जनावरं, मग शेती. पाऊस कमी असेल त्या वर्षी उन्हाळी पीक बंद. या भागात पाऊस मुळातच ३००-४०० मिलिमीटरच्या घरात. हिवरे बाजारपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या कितीतरी गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. अशा गावांनी पावसाला दोष देण्याआधी खर्चाची बाजू तपासावी.

पाणी जमिनीचं की माणसाचं?

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणलोटाचं काम उभं केलं. त्यातून 'पाणी पंचायत' आकाराला आली. तिचे नियम आजही थांबून विचार करायला लावतात.

पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसासारखी बारमाही पिकं लावायची नाहीत. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा.

हे नियम सगळीकडे चालले नाहीत आणि सगळ्यांना पटलेही नाहीत. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त पाणी, हीच आजही सर्वसाधारण रीत आहे. पण नाला सरकारी पैशाने खोल झाला असेल, श्रमदान भूमिहीन मजुरांनीही केलं असेल आणि वाढलेलं पाणी मात्र नाल्याकाठच्या चार-पाच विहिरींनाच मिळत असेल, तर पुढच्या वेळी श्रमदानाला कोण येईल? सहकार्य टिकायचं असेल तर फायद्याची वाटणी आधी बोलावी लागते.

वाघाड : शेपटापासून सुरुवात

धरणाच्या लाभक्षेत्रात हेच काम कसं होतं, त्याचं उदाहरण नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातलं वाघाड. कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझर भागातल्या शेतकऱ्यांना पाणी पुरेसं पोहोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नाने १९९१ च्या सुमारास तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी खात्याकडून मोजून पाणी घ्यायला, आपसात वाटायला आणि पाणीपट्टी स्वतः गोळा करायला सुरुवात केली. त्यांचं पाहून वरच्या भागातही संस्था झाल्या आणि २००३ मध्ये सगळ्यांचा मिळून प्रकल्पस्तरीय संघ तयार झाला. त्यात चोवीस संस्था आहेत.

ज्याला पाणी सहज मिळतं तो संस्था काढायला पुढे येत नाही. गरज शेपटाच्या शेतकऱ्याला असते, म्हणून सुरुवात तिथून झाली. नदीवरही हेच लागू आहे. पुढाकार बहुधा खालच्या गावालाच घ्यावा लागेल.

संपूर्ण नदीचं काय?

आतापर्यंतची उदाहरणं एका गावाची किंवा एका कालव्याची. एका नदीवरची सगळी गावं एकत्र बसल्याचं उदाहरण राजस्थानात आहे. अलवर जिल्ह्यातली अरवरी ही साधारण ४५ किलोमीटरची छोटी नदी कोरडी पडली होती. राजेंद्र सिंह यांच्या तरुण भारत संघाच्या मदतीने १९८० च्या दशकापासून गावांनी पाणलोटात जोहड, म्हणजे मातीचे अर्धगोल बांध घातले. १९९० च्या दशकात नदी पुन्हा वाहती झाली.

पाणी आल्यावर वाटपाचा प्रश्न आला. म्हणून १९९९ मध्ये सत्तरच्या आसपास गावांनी मिळून 'अरवरी संसद' स्थापन केली. जास्त पाण्याची पिकं टाळायची, नदीतून थेट उपशावर बंधन, बोअरवर बंधन, झाडतोड आणि चराईवर नियम. या संसदेला कायद्याचा अधिकार नाही. पण नियम मोडणाऱ्याला सत्तर गावांसमोर उत्तर द्यावं लागतं.

कायद्याने गावाच्या हातात काय आहे?

गावाने नुसतं तोंडी ठरवलं तर एखादा 'कुठे लिहिलंय?' असं विचारू शकतो. म्हणून या तरतुदी माहीत असाव्यात.

१) पाणी वापर संस्था : 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५' नुसार लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना संस्था करून मोजून पाणी घेता येतं. संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांचे प्रतिनिधी आणि महिला असाव्या लागतात.

२) भूजल : पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणि पाणलोट क्षेत्राच्या समित्यांची तरतूद आहे. शेजारच्या शेतात तीनशे-चारशे फुटांचा बोअर पडतो तेव्हा हा कायदा बहुतेक वेळा कुणाला आठवत नाही.

३) नदीतून उपसा : अधिसूचित नदीतून पंपाने पाणी उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

४) छोटे बंधारे : १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामं जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेने करून तिकडे द्यावा.

५) वाळू : अवैध उपशाची तक्रार तलाठी, तहसीलदार आणि पोलीस यांच्याकडे करता येते. तक्रार एकट्याने करण्यापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाने केली तर एका माणसावर दबाव येत नाही.

वरचं गाव, खालचं गाव : बैठकीत काय ठरवावं?

एका ओढ्यावरची तीन-चार गावं एकत्र बसली तर सुरुवात एवढ्या मुद्द्यांवर करता येईल.

- कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या कोणत्या तारखेला घालायच्या आणि कधी काढायच्या. वरच्याने पावसाळा संपायच्या आतच सगळं अडवलं तर खालचा बंधारा भरत नाही. उशीर केला तर दोघांचंही पाणी निघून जातं.
- पात्रातल्या पंपांची यादी. किती, किती अश्वशक्तीचे, कुणाचे. यादी नुसती चावडीवर लागली तरी बराच फरक पडतो.
- प्रत्येक गावात दोन-तीन ठरलेल्या विहिरी. दर महिन्याला पातळी मोजून फळ्यावर लिहायची. मोजणारा एकच माणूस आणि दोरी एकच असावी.
- पावसाळा संपल्यावर, रब्बीच्या पेरणीआधी ताळेबंदाची ग्रामसभा. सगळ्या गावांची एकाच आठवड्यात.
- पिण्यासाठी राखून ठेवायचा डोह किंवा बंधारा कोणता. त्यावर पंप नाही.
- माथ्यावरच्या चराईबंदीत ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांची सोय काय. ती न करता केलेली बंदी एका हंगामातच मोडते.
- नियम मोडला तर दंड किती, आणि तो पहिल्यांदा कोण वसूल करणार. मोठ्या माणसाचा पहिला दंड सुटला की नियमही सुटतो.

बैठकीला पाणी भरणाऱ्या बायका नसतील तर पिण्याच्या पाण्याचा मुद्दा शेवटी येतो किंवा येतच नाही. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते हे त्यांना पाठ असतं.

जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण, 'चला जाणूया नदीला' अशी अभियानं येतात आणि जातात. त्यांतून निघालेला गाळ आणि झालेली खोली पाच-सात पावसाळे टिकते. पांझरेवरचे फड मात्र कित्येक पिढ्या टिकले, कारण पाण्याच्या प्रत्येक पाळीमागे गावाने मानलेला नियम होता आणि दरवर्षी पाट साफ करायला माणसं येत होती. आता वर धरण आहे, शेतोशेत विहिरी आहेत, म्हणून तेच फड तसेच परत येणार नाहीत. पण कमी पावसाच्या वर्षी कुणाचं किती कमी करायचं हे आधीच ठरवून ठेवणं आजही जमण्यासारखं आहे. ते भरल्या नदीकाठी बसून ठरवावं. नदी आटल्यावर बोलावलेल्या बैठकीत बहुधा भांडणच होतं.